एमजीबी जीटी १९७०: दोन हिवाळे आणि ३,८०० मैलांनंतर

एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा दोन-तीन जणांनी विचारलं होतं की कशी आहे ते लिही, पण मी मुद्दाम थांबले, पहिल्या महिन्यात कुठलीही गाडी छानच वाटते. आता सोळा महिने झाले, दोन हिवाळे गेले, ३,८०० मैल झाले, आणि बोनेटखालचा बहुतेक प्रत्येक नट एकदा तरी माझ्या हाताखालून गेलाय, त्यामुळे आता लिहिते.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. ही गाडी जिथे बनली ते ॲबिंग्डन इथून तासाभरावर आहे, १९८० च्या ऑक्टोबरमध्ये तिथली फॅक्टरी बंद झाली. एमजीबी आली १९६२ मध्ये, आणि मागे उघडणारा दरवाजा आणि छप्पर असलेली जीटी १९६५ मध्ये, ते छप्पर पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीने काढलेलं. माझी १९७० ची, हिरवी, ओव्हरड्राइव्हवाली (म्हणजे जास्त स्पीडला इंजिन कमी फिरवणारा जादा गिअर), तारांच्या चाकांऐवजी साधी स्टीलची रोस्टाइल चाकं. तारांची चाकं दिसायला भारीच, पण त्यांचे स्प्लाइन (चाक बसतं ते दाते) झिजतात, तारा ढिल्या होतात, मला रोजची गाडी सांभाळून ते करायचं नव्हतं. ७,५०० पौंडाला घेतली.

आधी गंजाबद्दल सांगते, कारण ही गाडी घ्यायची असेल तर बाकी सगळं नंतर. या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याची बॉडी हीच चॅसी. दरवाज्याच्या खाली जो लांब बॉक्स असतो, ज्याला सिल म्हणतात, त्यावर गाडीचा निम्मा जीव आहे. बाहेरचा पत्रा, मध्ये एक पडदा, मग आतला पत्रा, खाली अजून एक पट्टी. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर पुढच्या चाकामागे चिखलात साचतं आणि तिथून आत शिरतं. मी घेताना टॉर्च घेऊन खाली आडवी पडून बघितलं होतं, सगळीकडे काळं ताजं अंडरसील (गंज लागू नये म्हणून खालून मारतात तो जाड थर), मला वाटलं किती काळजी घेतलीय. लोहचुंबक लावलं, तेही चिकटलं. चिकटणारच, कारण कुजलेल्या सिलवर नवा पत्रा नुसता वरून वेल्ड केलेला होता. पहिल्या डिसेंबरमध्ये वेल्डरने जॅक लावायच्या जागी स्क्रूड्रायव्हर दाबला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. ते बघताना माझ्या पोटात गोळा आला. दोन्ही बाजू कापून, आतले पत्रे नवीन, पुढचे विंग (चाकावरचे पत्रे) काढून, मागच्या विंगचा खालचा तुकडा कापून परत जोडून, वर रंग, असं मिळून ३,२०० पौंड गेले. जीटीला छप्पर आहे म्हणून त्यातल्या त्यात बरं, उघड्या रोडस्टरचं सिल आधार न देता कापलं तर बॉडी मधून खचते आणि मग दरवाजे लागत नाहीत.

त्यामुळे कोणी विचारलं तर मी एकच सांगते, इंजिन धूर टाकत असलं तरी चालेल पण पत्रा खरा हवा. इंजिनचे पार्ट सगळे मिळतात, इतके की चक्क नवीन बॉडीसुद्धा मिळते, ब्रिटिश मोटर हेरिटेजने जुन्या डायमधून १९८८ पासून परत काढायला सुरुवात केली. पण वेल्डिंगची मजुरी तासावर असते आणि आत काय निघेल हे कापल्याशिवाय कळत नाही. ताजं काळं अंडरसील दिसलं की खुश होऊ नका, खरवडून बघायची परवानगी मागा, विकणारा नाही म्हणाला तर घरी या. आता मी दर ऑक्टोबरला सिलच्या पोकळीत मेण मारते, लांब नळीने, खालच्या भोकांतून ते ठिबकायला लागेपर्यंत.

आता इंजिन. इथे मला आधीच प्रेम आहे हे मान्य करते. बाबांची सांगलीला १९७८ ची मार्क थ्री ॲम्बेसेडर होती, आमचं सगळं लहानपण त्या गाडीत गेलं, नरसोबाची वाडी, पन्हाळा, एकदा तर थेट गोवा. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि माझ्या एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातली, बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची बी सिरीज. मला हे वाचून माहीत होतं, पण मागच्या जूनमध्ये बाबा तीन आठवडे इथे आले आणि मी बोनेट उघडलं तेव्हा ते काहीच न बोलता वाकले आणि टॅपेट कव्हरवर हात ठेवला. मग म्हणाले, "अगं हे तर आपलंच आहे की."

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या दांड्यामधली फट, आम्ही दोघांनी मिळून नीट केले ड्राइव्हवेत. गाडी वीस मिनिटं फिरवून आणली कारण आम्हाला टॅपेट गरम इंजिनवर लावायचे होते, पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग तसे पंधरा. आठ व्हॉल्व्ह, आणि नऊचा नियम, म्हणजे आठ नंबरचा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा एक नंबर लावायचा, तीन दाबलेला असेल तेव्हा सहा, बेरीज नऊ आली पाहिजे. मी चौथ्या गिअरमध्ये गाडी हाताने इंच इंच ढकलत होते, बाबा वाकून "बस, बस, थोडी मागे" करत होते. फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) कसं सरकलं पाहिजे हे व्हिडिओत कितीही बघा, कळत नाही. बाबांनी माझा हात धरून ते पातं सरकवलं, म्हणाले लोण्यातून सुरी जाते तसं नको, ओल्या कागदातून ओढतो तसं लागलं पाहिजे. मी पाच नंबर जरा जास्तच टाईट केला होता, तो त्यांनी लगेच सोडवला. "वाजणाऱ्या टॅपेटची भीती नाही. मुका झाला की व्हॉल्व्ह जळतो." हे वाक्य मी गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय.

कार्बोरेटर दोन, एसयू कंपनीचे, एचएस फोर मॉडेल. लोक एसयूला घाबरतात, कशाला ते मला कळत नाही. मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) बघायला कार्बोरेटरमधला पिस्टन किंचित उचलायचा, एक मिलीमीटरही नाही. इंजिनचा आवाज वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे, बंद पडायला लागलं तर कमी, आणि क्षणभर वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. खालचा नट एका वेळी त्याच्या सहा कडांपैकी एका कडेइतकाच फिरवायचा, जास्त नाही. दोन्ही कार्बोरेटर सारखं श्वास घेतायत का ते बघायला मी रबरी नळी कानाला लावते आणि दुसरं टोक आलटून पालटून दोघांच्या तोंडाशी धरते, दोन्हीकडून एकसारखी सूऽऽ आली पाहिजे. हे करायला मला पहिल्यांदा अख्खा शनिवार लागला, आता अर्धा तास. आणि कार्बोरेटरच्या डोक्यावरच्या डॅशपॉटमधलं (पिस्टनच्या वरच्या डब्यातलं) तेल बघत जा, ते संपलं की ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी एकदम गचके खाते आणि माणूस उगाच इग्निशन उघडून बसतो. मीही बसले होते.

इलेक्ट्रिकलबद्दल जे ऐकायला मिळतं त्यातलं निम्मं खोटं आहे असं माझं मत. ल्युकासला, म्हणजे या गाड्यांचं इलेक्ट्रिकल बनवणाऱ्या कंपनीला, सगळे नावं ठेवतात, पण माझ्या गाडीत एकही मूळ वायर खराब निघाली नाही. खराब होते ते जोड, गोळीसारखे छोटे कनेक्टर आणि अर्थिंगच्या जागा. पन्नास वर्षांत त्यावर हिरवट थर चढतो. दोन रविवार बसून प्रत्येक जोड काढला, पॉलिश पेपर मारला, परत लावला, आणि उजवा इंडिकेटर दिला की डावा दिवा मंद व्हायचा ते बंद झालं. हेडलाइटला मूळात फ्यूजच नाही, तिथे मी रिले आणि फ्यूज टाकले, हे मात्र प्रत्येकाने करावं. बॅटऱ्या दोन आहेत, सहा-सहा व्होल्टच्या, सीटच्या मागे पत्र्याच्या झाकणाखाली, आणि त्यांच्या पेट्याही गंजतात, झाकण उघडून बघायला विसरू नका.

गाडीने मला रस्त्यात एकदाच सोडलं. पहिल्या नोव्हेंबरमध्ये, एम फोर मोटरवेवर स्विंडनच्या अलीकडे, पाऊस, अंधार पडत आलेला, इंजिन एकदम गप्प. खोकली नाही, धडपडली नाही, गप्पच. पेट्रोलचा पंप टकटक करत होता म्हणजे पेट्रोल येत होतं. मदतीच्या गाडीतला माणूस साठीचा असेल, त्याने डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं, कॉइलकडून येणारी मेन लीड रोटरच्या (आत फिरून प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या तुकड्याच्या) पितळी पट्टीजवळ धरली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी रोटरवर उडी मारत होती. तशी उडता कामा नये, उडाली म्हणजे रोटर आतून फुटलाय आणि करंट शाफ्टमधून बॉडीला अर्थ होतोय. तो रोटर मीच दोन आठवड्यांपूर्वी नवीन टाकला होता, एका ऑनलाइन दुकानातून स्वस्तात. पन्नास वर्षांचा जुना, जो मी डिकीत एका डब्यात टाकून दिला होता, तो लावला आणि गाडी सुरू. रोटर आणि कंडेन्सर या दोन गोष्टींत हल्ली हलका माल खूप येतो, चालत असलेला जुना कधी फेकू नका, आणि नवा घ्याल तर पट्टीला रिव्हेट नसलेला घ्या. मी त्यानंतरही ठिणगीसाठी जुने उघडझाप करणारे पॉइंटच ठेवलेत, इलेक्ट्रॉनिक इग्निशन केलं नाही. पॉइंट बिघडतात तेव्हा आधी सांगून बिघडतात आणि रस्त्याच्या कडेला घासून घरी येता येतं, ही माझी आवड, कोणाला पटेल न पटेल.

पेट्रोलचं सांगायचं राहिलं. इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई टेन झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुने रबरी पाइप त्याने मऊ होतात, माझा एक पाइप बोटाने दाबल्यावर काळा रंग सोडत होता आणि तो गरम एक्झॉस्टच्या शेजारून जातो. सगळे पाइप इथेनॉलला टिकणारे टाकले आणि गाडीला फक्त महागडं ई फाइव्ह भरते. इंजिनचं हेड आधीच्या मालकाने अनलेडेड (शिसं नसलेल्या) पेट्रोलसाठी करून घेतलं होतं. ॲव्हरेज लांबच्या प्रवासात गॅलनला २७ मैल, आपल्या हिशोबात लिटरला साडेनऊ-दहा किलोमीटर. ओव्हरड्राइव्ह नसलेली घेऊ नका असंच सांगेन, सत्तर मैलांच्या स्पीडला स्विच दाबला की इंजिन ३,९०० वरून ३,२०० वर येतं आणि शेजारच्या माणसाशी बोलता येतं.

किरकोळ म्हणजे क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गळला, बदलला, स्वस्त आहे. शॉक ॲब्सॉर्बर जुन्या पद्धतीचे, लिव्हर आर्म म्हणजे दांडा असलेले, त्यात तेल भरावं लागतं. पान्यांचा सेट इंची घ्या, मिलीमीटरचे पाने लावून मी दोन बोल्टची डोकी गोल केली. आणि ग्रीस, ग्रीस, ग्रीस. किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खुंटी) दर ३,००० मैलांना, चाक जमिनीवरून उचलून, म्हणजे वजन निघतं आणि ग्रीस सगळीकडे पोचतं. नुसती खाली घुसून गन मारली तर एकाच बाजूने बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं झालं. मी लॅपटॉपवर तारखा लिहून ठेवते.

कागदपत्रांचं सोपं आहे, चाळीस वर्षांवरची गाडी म्हणून रोड टॅक्स शून्य, लंडनच्या यूलेझचे (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना लागणाऱ्या शुल्काचे) पैसे नाहीत, फक्त आधी हिस्टॉरिक म्हणून नोंद करून घ्यावी लागते. २०१८ पासून एमओटी, म्हणजे दरवर्षीची गाडीची तपासणीसुद्धा, सक्तीची नाही. मी तरी करून घेते. ब्रेकला पुढे डिस्क, मागे ड्रम, माझ्या गाडीला सर्व्हो (ब्रेकला जोर देणारा भाग) नाही, पाय जोरात दाबावा लागतो, आणि मागे माझा आठ वर्षांचा मुलगा बसतो. मागची सीट मोठ्या माणसाची नाहीच, पण त्याला ती गाडीतली सगळ्यात चांगली जागा वाटते, मागच्या मोठ्या काचेतून उलटं बघत बसतो. वर्षातून एकदा तिसऱ्या माणसाने गाडी उचलून खालून बघितलेली मला हवी आहे.

रोज वापरता येते का, तर येते, पण मी मीठ पडलेल्या दिवसांत काढत नाही. बाकी आठवड्यातून एकदा तरी पंधरा-वीस मैल, कारण उभी राहिली की ब्रेक धरतात, पेट्रोल शिळं होतं, रबरी सील सुकतात. सोळा महिन्यांत गाडीच्या किमतीवर सुमारे ४,६०० पौंड गेलेत, त्यातले बहुतेक त्या सिलचे. परत घेईन का, हो, पण या वेळी सिल खरवडून बघितल्याशिवाय पैसे देणार नाही.

सध्या काम म्हणजे मागच्या दरवाज्याच्या रबरातून डिकीत थोडं पाणी येतंय ते शोधायचंय, आणि एप्रिलमध्ये परत टॅपेट. बाबा जाताना त्यांचं फिलर गेज इथेच ठेवून गेलेत, ॲम्बेसेडरचंच, पंधराच्या पात्यावर त्यांनी कधीतरी लाल रंगाचा ठिपका दिलाय.