हवा की जत्रा?

ताट समोर आहे, हातात पाऊण तास आहे आणि टीव्हीवरच्या ‘चला हवा येऊ द्या’ आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या दोन विनोदी कार्यक्रमांपैकी एकच लावायचंय? मग ‘जत्रा’ लावा. निकाल आधीच देऊन टाकतो, कारण माझा जीव ‘हवा’त जास्त अडकलाय आणि पुढे लिहिताना मी त्या बाजूला कलंडणार, हे मला माहीत आहे.

‘हवा’ 2014 साली झी मराठीवर सुरू झाली, ‘जत्रा’ 2018 मध्ये सोनी मराठीवर. दोन्हीकडे स्किट, दोन्हीकडे मोठा ताफा. तरी जात वेगळी. ‘हवा’ पाहुण्यांवर चालायची. सिनेमा किंवा नाटक येऊ घातलं की त्यातली मंडळी थुकरटवाडीत, म्हणजे कार्यक्रमातल्या काल्पनिक गावात, यायची, सूत्रसंचालक निलेश साबळे त्यांच्याशी गप्पा मारायचा आणि मग त्याच सिनेमाची चिरफाड व्हायची. त्या आठवड्यात ते धमाल वाटायचं. आज तोच भाग लावा, ज्याची थट्टा चाललीय तो सिनेमाच आठवत नाही आणि निम्मे पंच हवेत विरतात. महाराष्ट्र दौरा, विश्व दौरा, ‘होऊ दे व्हायरल’ असे साचे बदलत राहिले, पण गाडीचं इंजिन पाहुणाच होता.

जत्रेत पाहुणा नसला तरी काही अडत नाही. सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी या जोडीने ते लिखाणावर उभं केलंय. एक घर, चार माणसं, त्यातला एक विक्षिप्त, एवढ्यावर स्किट चालतं. म्हणून पाच वर्षांपूर्वीचं स्किटही शिळं लागत नाही. आमच्याकडे काही स्किट इतक्यांदा बघून झालीत की पंच यायच्या आधी घरातलेच बोलून मोकळे होतात.

आता नटांकडे येतो, खरी मजा तिथे आहे. भाऊ कदम. हा माणूस काही करतच नाही! नुसता उभा राहतो, समोरच्याकडे बघतो, वाक्य विसरल्यासारखा थांबतो आणि तेवढ्यात लोक लोळतात. तो खरंच विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. शेजारी कुशल बद्रिके अंगातलं हाड न् हाड मोडत नाचत असतो, आणि हा शांतपणे एक ‘हं’ टाकून सगळं खाऊन जातो. श्रेया बुगडेच्या नकला आणि भारत गणेशपुरेंचं वऱ्हाडी आहेच, पण मी ‘हवा’ लावायचो ते भाऊच्या त्या थांबण्यासाठी.

जत्रेत असा एकखांबी तंबू नाही, आणि तीच तिची ताकद. विशाखा सुभेदार गेली, गौरव मोरे गेला, दरवेळी आम्ही ‘आता संपलं’ म्हणालो आणि दरवेळी दुसरं कोणीतरी वर आलं. समीर चौघुलेचा चेहरा रबराचा आहे, हे जगजाहीर. माझी पसंती मात्र नम्रता संभेरावला. तिचं लॉली हे पात्र असो की एखादी खाष्ट सासू, बाईचं चालणं बघूनच कळतं की ती कुठल्या घरातून आलीय. प्रभाकर मोरेंची कोकणी आणि अरुण कदम, म्हणजे आपल्या दादूसची, आगरी बोली हा वेगळाच मेवा. आणि पवईच्या फिल्टरपाड्याचं नाव घरोघरी पोचवणारा तो गौऱ्या, म्हणजे गौरव मोरे!

खटकतं काय? दोन्हीकडे सारखंच: रंग, उंची, वजन यांवरचे विनोद. लेखणी थकली की गाडी हमखास त्या गल्लीत शिरते. घरात वजनावरून आधीच टोमणे खाणारी पोरगी बसलेली असेल, तर तेवढा वेळ रिमोट हातात असलेला बरा. ‘हवा’त साडी नेसलेले पुरुष सुरुवातीला मजेशीर होते, पुढे पुढे ते सवयीचं झालं. जत्रेचा वेगळा त्रास म्हणजे परीक्षकांच्या हसण्याचे शॉट. सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक खळखळून हसतात, छान वाटतं, पण दर तिसऱ्या वाक्याला कॅमेरा तिकडे वळला की स्किटची लय तुटते. अहो, आम्हाला कळतंय कुठे हसायचं ते. सूत्रसंचालक प्राजक्ता माळीचं ‘वाऽ दादा वाऽ’ मात्र मला चालतं. का ते विचारू नका.

एका बाबतीत ‘हवा’ला तोड नाही: पत्रं. अरविंद जगतापांनी लिहिलेलं पत्र सागर कारंडे पोस्टमनच्या वेशात वाचायचा आणि पाच मिनिटांपूर्वी पोट धरून हसणारा सगळा सेट गप्प व्हायचा. माझे वडील विनोदी कार्यक्रमाला ‘माकडचाळे’ म्हणत. पण पोस्टमन आला की पेपर खाली ठेवायचे.

2024 मध्ये ‘हवा’ थांबली आणि 2025 मध्ये नव्या रूपात परतली. सूत्रसंचालक अभिजीत खांडकेकर, आणि गंमत म्हणजे जत्रेतला गौरव मोरे इकडे. साबळे आणि भाऊ नव्हते. वाईट होतं असं नाही म्हणणार, पण ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे!’ हे साबळेच्या आवाजात नसेल तर माझ्यासाठी तो दुसराच कार्यक्रम.

तेव्हा असं करा. रोजच्या जेवणाला जत्रा, कुठल्याही भागापासून सुरू करा, मागचं-पुढचं माहीत असायची गरज नाही. ‘हवा’चे आख्खे भाग मात्र बघत बसू नका. पाहुण्यांच्या गप्पा सरळ पुढे ढकला, भाऊ-कुशलचं स्किट बघा, पत्र ऐका. आणि पत्र ऐकताना घरातलं कोणी अचानक पाणी प्यायला उठून आत गेलं, तर त्याच्या मागे जाऊ नका.