आखूड शॉकअपची लांबलचक थाप

बाबांची १९८६ ची प्रीमिअर पद्मिनी. हौस म्हणून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा बाक कमी करून, पुढच्या स्प्रिंगा बदलून दोन इंच खाली घेतली. दिसायला फक्कड, पण स्पीडब्रेकर आला की मागून ‘ठाक’! गाडी खाली बसली की मूळ मापाचा शॉकअप (चाकाचे हादरे शोषणारी तेलाची नळी) उभ्या गाडीतच अर्धामुर्धा मिटलेला असतो. मग खड्ड्यात धक्क्याचं रबर (चाक फार वर आलं की त्याला अडवणारं) टेकायच्या आधी आतला पिस्टनच तळाला आपटू शकतो.

म्हणून आखूड शॉकअप शोधत एका दुकानात गेलो. (नाव लिहीत नाही, माझ्याकडे पक्कं बिल नाही, हाही माझाच गाढवपणा.) “साहेब, खाली घेतलेल्या गाड्यांसाठी खास गॅसवाले,” म्हणत त्यानं लालभडक रंगाची जोडी काढली. माझ्यासमोर टेप लावून दाखवली. जुन्यापेक्षा बरोबर दोन इंच कमी! मी खूश. जोडीचे ७,००० रुपये मोजले.

त्यानं मोजली ती ताणलेली लांबी. पूर्ण दाबून मिटलेली किती, हे मी विचारलंच नाही, आणि खाली घेतलेल्या गाडीला खरं महत्त्व तिचंच. एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. गॅसचा शॉकअप दाबून सोडला की दांडा आपोआप वर येतो. हा दाबला तसाच बसून राहिला. “नवीन आहे ना साहेब, गाडीत बसला की मोकळा होईल.” पटलं मला! आता लिहितानाही लाज वाटते.

तिसऱ्या आठवड्यात डाव्या बाजूला तेल ओघळलं. ‘ठाक’ तर एक दिवसही थांबलं नव्हतं. आमच्या जुन्या मिस्त्रींनी नखानं रंग खरवडला, खाली वेल्डिंगचा सांधा. मग सरळ कापलाच. आत काळंकुट्ट तेल आणि दांड्यावर ओवलेला दोन इंचांचा नळीचा तुकडा! त्यामुळे शॉकअप ताणला की लवकर अडतो, म्हणून आखूड भासतो. बाहेरची नळी मात्र जुनीच, मिटलेलं मापही जुनंच. थोडक्यात, भंगारातला माल रंगवून विकला होता.

मिस्त्रींनी मग गाडीखाली झोपून मापं घेतली: चाकं लोंबकळताना, गाडी उभी असताना आणि रबर टेकल्यावर बोल्ट ते बोल्ट किती अंतर राहतं ते. शॉकअप या तिसऱ्या मापापेक्षाही आखूड मिटायला हवा. दहा मिनिटांचं काम.

कापलेला तुकडा घेऊन दुकानात गेलो. तो उलटसुलट करून बघत दुकानदार म्हणाला, “अरेरे, कापला कशाला साहेब? आता वॉरंटी गेली.”