सॅफ इन्स्टंट यीस्ट: भरलेल्या बनसाठी लाल घ्यावं की गोल्ड?

घरी बन करणारे बरेच जण सारणावर जीव ओततात आणि यीस्ट मात्र दुकानात जे हाताला लागेल ते आणतात, म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. सॅफ म्हणजे लसाफ्र या फ्रेंच कंपनीचं इन्स्टंट यीस्ट, कंपनी १८५३ पासूनची. यात दोन पाकिटं येतात, एक लाल, एक गोल्ड, आणि माझ्या फ्रीजरमध्ये दोन्ही कायम असतात.

तिखट बनला लालच वापरा. अर्धा किलो मैदा, ७ ग्रॅम यीस्ट, २५ ग्रॅम साखर, ८-९ ग्रॅम मीठ, ५० ग्रॅम बटर आणि ३०० मिली कोमट दूध. यीस्ट आधी भिजवायची गरज नाही, थेट मैद्यात मिसळायचं. मुंबईच्या मे महिन्यात पीठ पाऊण तासात दुप्पट होतं, पुण्यात डिसेंबरमध्ये दीड तास धरून चाला. आत मी बटाट्याची कोरडी भाजी आणि किसलेलं चीज भरते, कधी मका-सिमला मिरची, आणि घरात नॉनव्हेज खाणारे असले की सुका खिमा. बन छान फुगतात, जाळी बारीक पडते, यीस्टचा उग्र वास अजिबात येत नाही.

पण गोड बनची गोष्ट वेगळी आहे आणि गोल्डची खरी किंमत इथे कळते. मैद्याच्या १० टक्क्यांच्या वर साखर गेली की ती साखर पाणी स्वतःकडे ओढून घेते, यीस्टला पाणी कमी पडतं आणि पीठ तासन्‌तास सुस्त पडून राहतं. गोल्डमधलं यीस्ट जास्त साखर सहन करणारं असतं. त्यामुळे अर्ध्या किलोला ७५-८० ग्रॅम साखर घातली तरी पीठ वेळेत वर येतं, आणि बन दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो, हे मला फार फार आवडलं. याच पिठात मी खोबरं-टुटीफ्रुटी भरते, ओल्या नारळाचं गुळातलं सारण भरते आणि होळीच्या सुमारास उरलेलं पुरणसुद्धा, पुरणाचा बन एकदा करून बघाच! फक्त सारण पूर्ण गार आणि कोरडं हवं, ओलं राहिलं तर वाफेने आत मोठी पोकळी होते आणि तळ चिकट राहतो. दालचिनी घालायची तर सारणात घाला, पिठात नको, ती यीस्टला आवडत नाही. ४० ग्रॅम पिठाला २५ ग्रॅम सारण, तोंड नीट चिमटून बंद करायचं, जोड खाली ठेवायचा, परत फुगू द्यायचं, वरून दूध लावून ओटीजीत १९० डिग्रीला १५-१८ मिनिटं.

फक्त साधा पाव आणि तिखट बनच करत असाल तर गोल्डची गरज नाही, लाल पुरेसं आहे. आणि पाकीट अर्धा किलोचं, म्हणजे एका घराला प्रचंड, त्यामुळे मैत्रिणींमध्ये वाटून घेतलेलं बरं.

घेताना पाकीट दाबून बघा, व्हॅक्यूममुळे ते विटेसारखं कडक लागलं पाहिजे, मऊ लागलं तर आत हवा शिरलीय, घेऊ नका. सुटं यीस्ट वजनावर देणारी दुकानं असतात तिथून मी घेणं बंद केलंय, किती दिवस उघडं होतं काही कळत नाही. उघडल्यावर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा, चमचा कोरडा वापरा. शंका आली तर पाव कप कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि थोडं यीस्ट घालून बघा, १० मिनिटांत फेस आला नाही तर त्यावर मैदा आणि बटर वाया घालवू नका.