मॉलिक्यूल मॉडेल किट: अकरावीच्या बायोलॉजीसाठी घेतलं, खूप उपयोगी पडलं

लेक अकरावी सायन्सला आहे, कार्बोहायड्रेट आणि लिपिडचा (फॅट वगैरे) धडा पाठ करून करून रडकुंडीला आलेली, म्हणून हे गोळे-दांड्यांचं किट ऑनलाइन मागवलं. साडेसहाशेला पडलं. तीन आठवडे वापरून मग लिहितेय.

डब्यात काळे गोळे म्हणजे कार्बन 30, पांढरे हायड्रोजन 60, लाल ऑक्सिजन 24. पहिल्या दिवशी ग्लुकोज केलं, रिंगमध्ये पाच कार्बन नि एक ऑक्सिजन, सहावा कार्बन बाहेर. मग दुसरं केलं आणि दोन्ही जोडायला गेलो तर एकाचा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आणि दुसऱ्याचा एच (हायड्रोजन) काढल्याशिवाय जोडताच येत नाही, आणि ते काढलेले तुकडे एकत्र केले की पाणी. पुस्तकात हे बाण काढून दिलंय, पण पाणी हातात उरलं तेव्हा तिला पटलं.

मला स्वतःला सगळ्यात आवडलं ते पुढचं. पहिल्या कार्बनवरचा ओएच खाली असला तर अल्फा, वर असला तर बीटा, बास एवढाच फरक. अल्फा जोडत गेलं की साखळी वळत जाते, तो स्टार्च. बीटा जोडायचं तर दर दुसरं ग्लुकोज उलटं धरावं लागतं आणि साखळी सरळसोट होते, ते सेल्युलोज. माझं माहेर सोलापूरकडचं, ज्वारीचं. दाण्याची भाकरी आपण खातो, कडबा बैलांना, दोन्हीत ग्लुकोजच, पण ती बीटाची जोडणी तोडायचं एन्झाइम आपल्याकडे नाही, बैलाच्याही स्वतःकडे नाही, त्याच्या पोटातले जंतू ते काम करतात. लहानपणापासून कडब्याच्या पेंढ्या बघितल्यात, हे मला आत्ता कळलं!

फॅटी अ‍ॅसिडलाही, म्हणजे तेला-तुपातल्या लांब कार्बन साखळ्यांनाही, किट छान चालतं. स्टिअरिक अ‍ॅसिड केलं, 18 काळे आणि लाल फक्त दोन, ग्लुकोजमध्ये सहा काळ्यांना सहा लाल होते. फॅटमध्ये ऑक्सिजन आधीच कमी, म्हणून जाळायला तो जास्त लागतो आणि एनर्जीही जास्त निघते, ग्रॅमला 9 किलोकॅलरी, कार्बोहायड्रेटला 4, त्याचं कारण असं समोर दिसतं. मग मधल्या शेजारशेजारच्या दोन कार्बनचा एकेक पांढरा काढून लवचिक दांड्यांनी डबल बाँड केला, दोन्ही शेपट्या एकाच अंगाला ठेवल्या, झालं ओलेइक अ‍ॅसिड, साखळीला कोपरासारखा वाक. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात म्हणून तूप थिजतं, वाकड्या नीट बसत नाहीत म्हणून शेंगदाण्याचं तेल पातळ राहतं.

तक्रारी पण आहेत. पूर्ण ट्रायग्लिसराइडला (तीन कार्बनच्या ग्लिसरॉलला तीन फॅटी अ‍ॅसिड जोडलेलं फॅट), तिन्ही साखळ्या स्टिअरिकच्या घेतल्या तर, 57 कार्बन लागतात, एका किटमध्ये होतच नाही, मैत्रिणीच्या मुलाचं किट आणून केलं तेव्हा झालं. फॉस्फरसचा गोळाच नाही, त्यामुळे फॉस्फोलिपिड राहिलं, आणि पेशीचं आवरण त्याचंच असतं, डोकं पाण्याकडे, शेपट्या आत, ते करून बघायची तिची फार इच्छा होती. माहितीपत्रकात मिथेन-इथेनच्या पुढे काही नाही. पांढऱ्या गोळ्यांची भोकं इतकी घट्ट की दांडी काढताना बोटं दुखतात, दोन दांड्या तुटल्या.

पाचपैकी चार स्टार. दोघी-तिघी मैत्रिणी मिळून दोन किट घ्या.