व्हीआरसाठी जुना डेस्कटॉप: आधी ग्राफिक्स कार्ड बदलावे की मदरबोर्ड?

मार्च २०१६मध्ये ऑक्युलस रिफ्ट हा व्हीआर (डोळ्यांभोवती आभासी जग उभे करणारा) हेडसेट बाजारात आला, तेव्हा त्याच्या शिफारशीत आय५-४५९० प्रोसेसर, जीटीएक्स ९७० ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबी रॅम असे लिहिलेले होते. माझ्या घरचा डेस्कटॉप नेमका याच प्रोसेसरचा, २०१४च्या दिवाळीत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला. त्यामुळे घरात मेटाचा क्वेस्ट ३ हेडसेट आला तेव्हा माझा हिशेब सरळ होता. प्रोसेसर शिफारशीत बसतो, रॅम १६ जीबीपर्यंत वाढवलेली आहे, म्हणजे चांगले कार्ड घातले की काम झाले. आय५-४५९०सारख्या चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवर अजून काम चालवणारे बरेचजण याच हिशेबाने निघतात असे मला दिसते. पुढे मला दोन्ही मार्गांनी जावे लागले, म्हणून ही तुलना.

पहिला मार्ग म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर३ रॅम आहेत तशाच ठेवून सगळे पैसे ग्राफिक्स कार्डावर लावणे. मी आरटीएक्स ३०६० घेतले. दुसरा मार्ग म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलणे आणि कार्ड मात्र सेकंडहँड, मध्यम ताकदीचे घेऊन वेळ मारून नेणे. यात एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड आणि १६ जीबी डीडीआर४ असा जोड मी धरतो. त्या वेळी बाजारात फिरून पाहिले तेव्हा दोन्ही खर्चांत फार फरक पडत नव्हता. म्हणूनच निवड अवघड होते.

पहिल्या मार्गाची सोय मोठी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. कॅबिनेट उघडा, कार्ड खोचा, ड्रायव्हर टाका, तासाभरात खेळायला बसा. जुन्या बोर्डावर पीसीआय एक्स्प्रेस ३.० (कार्ड खोचायच्या खाचेची जुनी आवृत्ती) असल्यामुळे कार्डाचा वेग अडतो अशी भीती अनेकजण घालतात. या वर्गातल्या कार्डाला त्याचा जाणवण्याजोगा तोटा होत नाही, असा माझा अनुभव आहे. चित्र तर पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरले. क्वेस्ट ३मध्ये प्रत्येक डोळ्याला २०६४ बाय २२०८ बिंदू मिळतात, आणि रिफ्टचे १०८० बाय १२०० ज्यांनी पाहिले आहेत त्यांना दूरच्या पाटीवरची अक्षरे वाचता येण्याचा आनंद वेगळा सांगायला नको. डोके स्थिर ठेवून नुसते पाहत राहिले, तर मला त्या संगणकात काहीही उणे दिसत नव्हते.

अडचण डोके वळवल्यावर सुरू झाली. हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स या व्हीआर खेळाच्या सुरुवातीच्या भागात एका खोलीत काचेवर मार्करने लिहिता येते. मी मार्कर उचलला आणि डावीकडून उजवीकडे एक लांब आडवी रेघ ओढली. माझा हात एकसारखा सरकत होता. रेघ मात्र अर्ध्यात क्षणभर थांबली आणि पुढे जाऊन पडली. मी पुन्हा ओढली, पुन्हा तसेच झाले. त्या क्षणी हात आणि डोळे एकमेकांशी सहमत नव्हते, आणि पोटात काहीतरी हलल्यासारखे वाटले. मॉनिटरवर हाच झटका आला असता तर मला कळलाही नसता, किंवा कळून मी सोडून दिला असता. हेडसेटमध्ये तो सोडून देता येत नाही, कारण तिथे अडखळते ते तुमच्या भोवतालचे सगळे जग असते. माझ्या मुलीने त्याच संध्याकाळी दहा मिनिटांत हेडसेट काढून ठेवला आणि नंतर आठवडाभर त्याला हात लावला नाही. खेळ चालत होता, चित्र देखणे होते, तरी तो झटका दर मिनिट-दोन मिनिटांनी येत होता, आणि येणार आहे हे माहीत असल्यामुळे मधला वेळही निवांत जात नव्हता. माझा कौल याच एका गोष्टीने फिरवला.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ९० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९० चित्रे दाखवताना, प्रत्येक फ्रेमसाठी (एका चित्रासाठी) संगणकाला सुमारे ११.१ मिलिसेकंद मिळतात, ७२ हर्ट्झला १३.९. एवढ्या वेळात प्रोसेसरने खेळाचे गणित उरकून कार्डाकडे काम सोपवायचे आणि कार्डाने दोन्ही डोळ्यांची चित्रे रंगवायची. क्वेस्टमध्ये डिस्प्लेपोर्टची वायर लावता येत नाही. यूएसबी किंवा वायफायवरून येणारा व्हिडिओच तो दाखवतो, म्हणून प्रत्येक फ्रेम दाबून, पाठवून पुन्हा उलगडावी लागते. खेळ, व्हीआरचे सॉफ्टवेअर, हा पाठवण्याचा व्यवहार आणि मागे विंडोजची स्वतःची कामे एवढे सगळे आय५-४५९०च्या चार कोअरना चार थ्रेडवर (एका वेळी चालणाऱ्या चार कामांवर) ओढायचे असते. वेळ चुकली की प्रणाली फ्रेमचा वेग निम्म्यावर आणते आणि मधल्या फ्रेम अंदाजाने भरते. त्यामुळे डोके वळवणे सुसह्य होते, पण हलत्या हाताच्या कडेला पाण्यातून पाहिल्यासारखी थरथर दिसते. स्टीमव्हीआर या सॉफ्टवेअरच्या फ्रेम टायमिंगच्या (प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेच्या) आलेखात माझ्याकडे कार्डाची रेषा बहुतेक वेळ खाली शांत असायची आणि प्रोसेसरच्या रेषेला अधूनमधून एकेक उंच सुळका यायचा.

शंका असेल त्यांच्यासाठी याची एक घरगुती परीक्षा आहे. रेझोल्यूशन निम्मे करा आणि तोच प्रसंग पुन्हा खेळा. झटके गेले तर कार्ड कमी पडते आहे. चित्र धूसर होऊनही झटके तसेच राहिले, तर दुखणे कार्डाचे नाही. माझ्याकडे ते तसेच राहिले.

याच सुमारास नाशिकला एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी दुसऱ्या मार्गाचा संगणक वापरायला मिळाला. रायझन ५ ५६००, आणि त्यावर सेकंडहँड जीटीएक्स १६६० सुपर, म्हणजे माझ्या कार्डापेक्षा बरेच दुबळे. रेझोल्यूशन त्याने खाली आणून ठेवले होते, दूरच्या झाडांची पाने एकमेकांत मिसळलेली दिसत होती आणि सावल्या ठोकळेबाज होत्या. मी तोच खेळ लावला, त्याच काचेपाशी गेलो आणि तीच रेघ ओढली. ती सलग आली. पाऊण तास खेळून हेडसेट काढला तेव्हा डोके हलके होते आणि मी लगेच चहा घेऊ शकलो. माझ्या घरी तेवढ्या वेळानंतर मला पाणीसुद्धा नको वाटायचे. हे काही प्रयोगशाळेतले मोजमाप नव्हे, आणि प्रत्येकाच्या पोटाची सहनशक्ती वेगळी असते. मला मात्र एवढा पुरावा पुरला, आणि महिनाभरात मी बोर्ड बदलला.

दुसऱ्या मार्गाचा त्रासही सांगितला पाहिजे. एक पूर्ण रविवार जातो. जुना कूलर नव्या बोर्डावर बसत नाही. ५६००च्या खोक्यात कूलर येतो म्हणून बरे. विंडोज नव्याने टाकणे हिताचे, आणि लायसन्स जुन्या बोर्डाबरोबर आलेले असेल तर ते नव्या बोर्डावर चालत नाही. तयार ब्रँडेड डेस्कटॉप असेल तर आधी कॅबिनेट उघडून पाहा, कारण अशा काही संगणकांत बोर्ड आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) यांचे जोड वेगळ्या घडणीचे असतात आणि मग कॅबिनेटसकट सगळेच बदलण्याची पाळी येते. माझ्या बाबतीत एका दुकानदाराने नवी म्हणून दिलेली रॅमची एक पट्टी दोन दिवसांत बंद पडली आणि ती बदलून घेण्यात आठवडा गेला. कार्ड खोचून मोकळे होणाऱ्याला यातले काहीच भोगावे लागत नाही.

मधला एक मार्ग बरेचजण सुचवतात: त्याच बोर्डावर सेकंडहँड आय७-४७९० बसवायचा. आठ थ्रेड मिळतात, झटके कमी होत असावेत, आणि आतून-बाहेरून ओळखीच्या संगणकाला थोडे आयुष्य वाढवून दिल्याचे समाधान मिळते. पण विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत चौथ्या पिढीचे इंटेल प्रोसेसर नाहीत, तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या बोर्डावर आणखी पैसे घालणे मला तरी पटले नाही. जुन्या बोर्डावर इंटेलचे आर्क ग्राफिक्स कार्ड स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर त्याचा वेग बराच पडतो. आणि विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी या व्हीआर प्रणालीचा सेकंडहँड हेडसेट कवडीमोलाने मिळत असेल तर हे लक्षात ठेवावे, की विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती सोयच काढून टाकली आहे.

पहिला मार्ग योग्य ठरेल असे लोकही आहेत. ज्यांच्याकडे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा सहा कोअरचा इंटेल आहे किंवा रायझनचा जुना बी४५० बोर्ड आहे, त्यांनी बोर्डाला हात लावू नये; बी४५०वर बायोस (बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून ५६०० बसतो आणि उरलेले पैसे कार्डाला लावता येतात. फक्त तालावर ठोकळे कापण्यासारखे हलके खेळ खेळायचे असतील, तर ते हेडसेटवर संगणकाशिवायही चालतात आणि तेव्हा दोन्ही खर्च वाचतात. मात्र चार कोअरच्या जुन्या प्रोसेसरवर अ‍ॅलिक्ससारखे खेळ उभ्याने, फिरत खेळायचे मनात असेल, तर मी आधी बोर्ड बदलेन आणि वर्षभर धूसर पानांवर समाधान मानेन. कार्ड पुढच्या दिवाळीत घेता येते, आणि तेव्हा ते नव्या बोर्डावर त्याच तासाभरात बसते.