अ‍ॅप इन्व्हेंटर: वर्गातला अनुभव

माझ्या अर्ध्या वर्गाकडे घरी संगणक नाही, फोन मात्र आहे. म्हणून मुलांना अ‍ॅप बनवायला शिकवण्यासाठी एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटर निवडलं. २०१० मध्ये गूगलने आणलेलं हे साधन पुढे एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाकडे गेलं, फुकट आहे. शाळेतल्या संगणकावर सूचनांचे ठोकळे जोडायचे, क्यूआर कोड स्कॅन केला की अ‍ॅप फोनवर चालू.

कमी दिसणाऱ्या एका मुलीने ‘टेक्स्ट टू स्पीच’ (लिहिलेलं बोलून दाखवणारी सोय) वापरून बसथांब्यांची नावं बोलणारं अ‍ॅप केलं. पहिला आवाज आला तेव्हा तिने फोन कानाशी धरून तेच बटण तीनदा दाबलं. मला भरून आलं.

नुसत्या ठोकळ्यांवर नोकरी मिळत नाही. शाळा संपण्याआधी पायथॉन ही लिहून प्रोग्रॅम करायची भाषा हवीच. त्या मुलीला काम शिकायला उमेदवारी मिळावी म्हणून गेलो तिथे तिचं अ‍ॅप उघडूनही न बघता पदवी विचारली, ते अजून सलतं. पायथॉनची तिची पहिली फाइल कालच आली.