खोली बघायच्या आधीच शेअर कोड मागणारा 'घरमालक'

इंग्लंडमध्ये खोली भाड्याने देण्याआधी घरमालकाला भाडेकरूचा तिथे राहण्याचा हक्क, म्हणजे आपल्यासारख्यांचा व्हिसा, तपासावाच लागतो. त्यासाठी भाडेकरू सरकारी वेबसाइटवरून एक 'शेअर कोड' काढून मालकाला देतो. नियम खरा आहे, म्हणूनच त्याच्या आडून लुटणं सोपं जातं. माझ्या मावसभावाचं असंच झालं. एमएस्सीसाठी कोव्हेंट्रीला आला होता, मित्राच्या खोलीत गादी टाकून राहत होता आणि मिळेल ती खोली घ्यायला तयार होता.

फेसबुकवर जाहिरात दिसली. माणूस मराठी बोलणारा. "शेअर कोड पाठव रे, नाहीतर मला दंड होईल." याने कोड, जन्मतारीख पाठवली. इथवर फारसं बिघडलं नव्हतं. शेअर कोडवरून समोरच्याला फोटो, नाव, व्हिसाची मुदत एवढंच दिसतं. बदलता काहीच येत नाही. मग त्याने पासपोर्टचा फोटो मागितला आणि म्हणाला, "व्हिसा चेक करायला टाकलाय, तुझ्या मोबाईलवर सरकारचा नंबर येईल, तो सांग."

सगळी मेख इथे आहे. घरमालक तपासणी करतो तेव्हा भाडेकरूच्या फोनवर कुठलाही ओटीपी येत नाही. मालक गव्ह डॉट यूके या सरकारी वेबसाइटवर स्वतः कोड टाकतो, आणि समोर बसून किंवा व्हिडिओ कॉलवर तुमचा चेहरा फोटोशी ताडून बघतो. भावाला आलेला नंबर यूकेव्हीआयच्या, म्हणजे ब्रिटिश व्हिसा विभागाच्या, ऑनलाइन खात्यात शिरण्याचा होता. पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख त्या माणसाकडे होतीच. त्याने आत जाऊन ईमेल आणि मोबाईल बदलून टाकले.

हे कळलं ते गोदामात काम मिळालं तेव्हा. तिथे नोकरीचा कोड हवा होता, डब्ल्यूने सुरू होणारा. भाड्याचा आरवाला तिथे चालत नाही. भावाला खातंच उघडेना. बीआरपी, म्हणजे व्हिसाचं प्लास्टिकचं कार्ड, दाखवून काम मिळण्याचे दिवस 2022 मध्येच गेले, आणि त्या कार्डाचा जमानाही 2024 अखेर संपला. त्या माणसाला फोन लावला तर म्हणे खातं परत हवं असेल तर आणखी पैसे टाक! यूकेव्हीआयकडे अर्ज करून खातं परत मिळालं, तोवर गोदामाने दुसरा माणूस घेतला होता.

आता पैशांचं. खोली धरून ठेवायला म्हणून त्याने महिन्याचं भाडं घेतलं होतं. इंग्लंडमध्ये 2019 च्या कायद्याप्रमाणे या नावाखाली एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेताच येत नाही. आकडा ऐकूनच संशय यायला हवा, पण नवीन पोराला हे सांगणार कोण? ती रक्कम भावाच्या इथल्या बँक खात्यातून गेली होती. 7 ऑक्टोबर 2024 पासून अशा फसवणुकीचे पैसे बँकांनी भरून द्यायचे असा नियम आहे, त्यामुळे थोडी कापून परत आली.

पुढच्या दोन महिन्यांचं भाडं मात्र काकांनी नाशिकहून थेट पाठवलं होतं. परदेशातून आलेल्या पैशांना तो नियम लागू नाही. काकांनी 1930 या भारतातल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.